पाव सेकंदावरचा लाल डाग

मेंदूतल्या गॅमा लहरींवरचा कुठलाही जुना निबंध उघडला, की तिसऱ्या-चौथ्या पानावर एक रंगीत चौकोन हमखास भेटतो. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर कंपनसंख्या आणि रंगात ताकद: निळं म्हणजे शांत, लाल म्हणजे जोरात. शून्याच्या रेषेवर पडद्यावर चित्र झळकलेलं असतं. मग साधारण २०० ते ३०० मिलिसेकंदांच्या दरम्यान, ३० हर्ट्झच्या (सेकंदाला ३० कंपनांच्या) वर, एक लाल डाग उमटतो. बघणाऱ्याला चित्रात काही अर्थाचं सापडलं तर डाग गडद, नुसत्याच रेघोट्या असल्या तर फिका.

नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून दहा-बारा वर्षं या डागाला मोठा मान होता. कवटीला धक्का न लावता, डोक्यावर नुसती इलेक्ट्रोडची टोपी चढवून, 'ओळख पटली' तो क्षण पकडता येतो असा त्याचा अर्थ लावला जाई. मग मे २००८ मध्ये 'न्यूरॉन' या नियतकालिकात जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या पाच जणांचा निबंध आला. टाळूवरून, म्हणजे डोक्याच्या कातडीवरून, नोंदला जाणारा हा पसरट, क्षणिक डाग मेंदूतल्या लहरींचा नाही, डोळ्यांच्या बारीक हालचालींचा आहे, असं त्यात म्हटलं होतं.

या प्रकरणात कोणी आकडे बनवले नव्हते. गणितही चुकलं नव्हतं. प्रयोग पुन्हा केला की निकाल पुन्हा तोच येई, वेगळ्या देशात, वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या माणसांवरही. एरवी अशा निकालावर आपण डोळे झाकून विश्वास टाकतो.

डागाचं कूळ

हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरने १९२४ मध्ये येना इथे माणसाच्या डोक्यावरून पहिल्यांदा मेंदूची विद्युतनोंद (ईईजी) घेतली आणि १९२९ मध्ये ती छापली. त्याला ठळक दिसली ती सेकंदाला दहाच्या आसपासची अल्फा लहर. डोळे मिटले की ती फुगते, उघडले की विरते. ती दिसणं सोपं, कारण तिची उंची दहा-दहा मायक्रोव्होल्टांच्या घरात असते. गॅमा म्हणजे ढोबळमानाने ३० हर्ट्झच्या वरचा पट्टा. टाळूवर तो जेमतेम मायक्रोव्होल्टभर, बऱ्याचदा त्याहूनही कमी उरतो. त्यात आपल्याकडच्या आणि युरोपातल्या विजेचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट नेमका याच पट्ट्याच्या मधोमध येऊन बसतो. म्हणजे ज्या खोलीत सर्वांत हळू कुजबुज ऐकायची, त्याच खोलीत पंखा खडखडतोय.

तरी लोक तिथे कान लावून बसले, आणि त्याला कारण होतं. १९८८ मध्ये मारबुर्गला राइनहार्ड एकहॉर्न यांचा गट आणि १९८९ मध्ये फ्रँकफर्टच्या माक्स प्लांक संस्थेत चार्ल्स ग्रे, वोल्फ सिंगर आणि त्यांचे सहकारी यांनी मांजरांच्या दृष्टिबाह्यकात, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या दृष्टीच्या भागात, थेट सुया घालून नोंदी घेतल्या. फ्रँकफर्टचा प्रयोग फार देखणा आहे. दोन जागच्या चेतापेशी निवडल्या, एकमेकींपासून काही मिलिमीटर दूर, प्रत्येकीची नजर दृश्याच्या वेगळ्या तुकड्यावर. दोन्ही तुकड्यांवरून एकच लांब पट्टी सरकवली, तर दोन्हीकडचे ४० ते ६० हर्ट्झचे ठोके एकमेकांशी ताल धरत. एका पट्टीऐवजी दोन छोट्या पट्ट्या एकाच दिशेने नेल्या तर ताल ढिला पडे. विरुद्ध दिशांना नेल्या तर मोडून जाई. पेशी तिन्ही वेळा तेवढ्याच उत्साहाने बोलत होत्या; 'हे एकाच वस्तूचे तुकडे आहेत' ही खबर जणू तालातून दिली जात होती.

तालातून वस्तू बांधली जाते, ही कल्पना क्रिस्टोफ फॉन डेअर माल्सबुर्ग यांनी १९८१ मध्येच कागदावर मांडली होती. तांबडा रंग मेंदूच्या एका कोपऱ्यात, गोल आकार दुसऱ्या कोपऱ्यात, उसळी तिसऱ्या कोपऱ्यात टिपली जाते, तरी आपल्याला चेंडू एकच दिसतो. हे जोडकाम कोण करतं? उत्तर होतं: एका तालात वाजणाऱ्या पेशी एका वस्तूच्या. वारीत दोन दिंड्या शेजारून जाताना गर्दीतले चेहरे कळत नाहीत, पण टाळांवरून कोण कुठल्या दिंडीतला ते कळतं, तसंच काहीसं. १९९० मध्ये फ्रान्सिस क्रिक आणि क्रिस्टॉफ कोख यांनी याच चाळीसच्या आसपासच्या तालाला जाणिवेशी जोडलं आणि 'चाळीस हर्ट्झ' हा शब्द प्रयोगशाळेबाहेर पडला.

आता प्रश्न माणसाचा. त्याच्या डोक्यात सुया घालता येत नाहीत. १९९६ मध्ये फ्रान्समधल्या लियाँला कॅथरीन तालों-बोद्री आणि सहकाऱ्यांनी कानिझाचा त्रिकोण वापरला. एक घास तोडलेल्या भाकरीसारख्या तीन चकत्या अशा मांडायच्या, की मध्ये न काढलेला पांढरा त्रिकोण स्वच्छ दिसू लागतो. चकत्या फिरवल्या की त्रिकोण नाहीसा. त्यांच्या नोंदीत दोन वेगळ्या गोष्टी सापडल्या. साधारण १०० मिलिसेकंदांवर ४० हर्ट्झचा एक प्रतिसाद होता, त्याला त्रिकोण असला-नसला सारखंच. पण २८० मिलिसेकंदांच्या आसपास ३० ते ४० हर्ट्झचा दुसरा प्रतिसाद आला. तो खऱ्या आणि भासमान, दोन्ही त्रिकोणांना जास्त होता आणि विस्कटलेल्या चकत्यांना कमी. लाल डागाच्या घराण्याचा मूळपुरुष तो हा. तीन वर्षांनी पॅरिसमधून फ्रान्सिस्को वारेला यांच्या गटाने काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांमधल्या चेहऱ्यांवर काम छापलं: चेहरा ओळखू आला, की दूरदूरच्या इलेक्ट्रोडमधली गॅमा लय जुळते. मग लक्ष, स्मृती, भाषा, जे जे मनाला करता येतं त्या प्रत्येकावर गॅमाचा एक निबंध निघाला.

सापळा कसा रचला गेला होता

इथे थोडं थांबून हत्यार समजून घ्यायला हवं, कारण प्रकरणाची मेख तिथेच आहे.

मेंदूच्या एका नोंदीवरून काहीच कळत नाही; गोंगाट फार असतो. म्हणून तेच चित्र शंभरदा दाखवायचं आणि नोंदी एकावर एक ठेवून सरासरी काढायची. चित्राशी वेळ बांधून येणारा भाग टिकतो. बाकीचा कधी वर, कधी खाली असल्याने एकमेकांना खाऊन टाकतो. अशा टिकलेल्या प्रतिसादाला उद्दीपित म्हणतात. लियाँचा १०० मिलिसेकंदांवरचा प्रतिसाद या जातीचा.

पण समजा, मेंदू दरवेळी ४० हर्ट्झने वाजतो खरा, फक्त सुरुवात कधी २४० मिलिसेकंदांवर करतो, कधी २५२ वर. चाळीस हर्ट्झचं एक आवर्तन २५ मिलिसेकंदांचं. म्हणजे बारा-तेरा मिलिसेकंदांचा फरक पडला, की एका फेरीतला डोंगर दुसऱ्या फेरीतल्या दरीवर बसतो आणि सरासरीत सपाट मैदान उरतं. यावर उपाय असा, की प्रत्येक फेरीतली ताकद आधी मोजायची, म्हणजे वर्ग करायचा, आणि मग सरासरी. वर्गाला ऋण चिन्ह नसतं, त्यामुळे कोणी कोणाला खात नाही. यातून जे दिसतं त्याला प्रेरित प्रतिसाद म्हणतात. लाल डाग हा प्रेरित.

युक्ती छान आहे. फक्त तिच्याबरोबर एक संरक्षण निघून गेलं, हे फारसं कोणाच्या लक्षात आलं नाही. साधी सरासरी काढणाऱ्याला इकडेतिकडे सांडलेल्या झटक्यांची भीती नसते, ते आपोआप मरतात. आधी वर्ग करणाऱ्याकडे ते एकेक करून साठत जातात. वेळेत थोडे मागेपुढे होणारे, पण एका ठरावीक खिडकीतच गर्दी करणारे झटके कुठून येत असतील, तर ते टिपायला याहून चांगली गळ सापडणार नाही.

दुसरी खोच गाळणीची. कंपनसंख्या मोजायला वेव्हलेट नावाची छोटी लाट नोंदीवरून सरकवतात. हंड्यावर एक टिचकी मारली तर हंडा 'टण्ण' करून थोडा वेळ घुमतो. टिचकी घुमत नसते, घुमतो हंडा. तसाच वीसेक मिलिसेकंदांचा एकच टोकदार झटका ४० हर्ट्झच्या वेव्हलेटमधून गेला, की बाहेर निघताना चाळीसच्या दोन-तीन आवर्तनांची गोंडस लहर बनून निघतो. पन्नासच्या वेव्हलेटमधून गेला तर पन्नासची, सत्तरच्या मधून सत्तरची. टोकदार गोष्टीत सगळ्याच वरच्या कंपनसंख्या थोड्या थोड्या असतात. म्हणून तर डाग उंच आणि पसरट दिसे. खऱ्या लयीला एक स्वर असतो; हा डाग एकाच वेळी तीसपासून पार नव्वदपर्यंत गात होता. मागे वळून पाहताना हे खटकतं. त्या वेळी 'गॅमा पट्टा रुंद असतो' एवढ्यावर निभावलं जाई.

जेरुसलेम

श्लोमित युवाल-ग्रीनबर्ग आणि लिऑन डेउएल यांचं नाव या कथेत दोनदा येतं, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. २००७ मध्ये त्या दोघांनी 'जर्नल ऑफ न्यूरोसायन्स'मध्ये एक निबंध छापला होता: प्राण्याचं चित्र आणि आवाज एकमेकांशी जुळणारे असले, तर प्रेरित गॅमा प्रतिसाद न जुळणाऱ्या जोडीपेक्षा जास्त येतो. म्हणजे तेही त्याच डागावर घर बांधत होते. पुढच्या वर्षी अलोन केरेन, ओर तोमेर आणि इस्राएल नेल्केन यांना सोबत घेऊन त्यांनीच त्या घराचा पाया उकरला.

त्यांनी काय केलं, तर ईईजीच्या टोपीबरोबर डोळ्यांचा माग काढणारं यंत्रही लावलं. एवढंच. असं यंत्र तेव्हा नवं नव्हतं, मानसशास्त्राच्या प्रयोगशाळांमध्ये ते वर्षानुवर्षं वापरात होतं. फक्त दोन्ही एकाच माणसावर, एकाच वेळी लावून गॅमाकडे बघण्याची गरज कोणाला वाटली नव्हती.

डोळ्याला सहा स्नायू असतात. नजर एका बिंदूवर खिळवून ठेवली आहे असं आपल्याला वाटतं तेव्हाही हे स्नायू सेकंदाला साधारण एक-दोन वेळा बारीक झटका देतात. नजर एका अंशाहूनही कमी सरकते. यांना सूक्ष्म सॅकेड म्हणतात. त्या आपल्या इच्छेने होत नाहीत आणि झाल्याचं कळतही नाही. 'मधल्या फुलीकडे एकटक बघा' असं बजावलं तरी त्या थांबत नाहीत.

डोळ्यांमुळे ईईजी बिघडतो हे ईईजी करणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी शिकवतात. बुबुळाचा पुढचा भाग धन, दृष्टिपटलाकडचा ऋण, त्यामुळे डोळा फिरला की सगळ्या टोपीवर मोठी संथ लाट येते. पापणी लवली की त्याहून मोठी. अशा फेऱ्या टाकून देण्याची पद्धत तेव्हाही होती. पण सूक्ष्म सॅकेडमध्ये ही संथ लाट इतकी लहान असते, की टाकून देण्याच्या कसोटीला ती शिवतच नाही. राहतो तो दुसरा दोष. झटक्याच्या आरंभी डोळ्याच्या स्नायूंचे तंतू एकदम चेततात आणि एक टोकदार विद्युत खुंटी उभी राहते. या खुंटीची ओळख निदान १९८०च्या दशकापासून होती. मात्र तिचा अभ्यास करणारे नेत्रहालचालींवाले, आणि गॅमाचा अभ्यास करणारे आकलनवाले. एकाच मजल्यावर बसून वेगवेगळ्या नियतकालिकांत छापणारे हे लोक.

जेरुसलेमच्या गटाने फेऱ्या दोन ढिगांत वाटल्या. ज्यांत त्या खिडकीत सॅकेड झाली होती त्यांत डाग होता. ज्यांत झाली नव्हती त्यांत डाग जवळपास उरलाच नाही. मग नोंदी चित्राच्या क्षणाऐवजी सॅकेडच्या क्षणाशी जुळवून पुन्हा मांडल्या. पसरट डाग आक्रसून झटक्याच्या क्षणावर येऊन बसला, आणि कच्च्या नोंदीत कुठली लहर नव्हती, एक खुंटी होती.

राहिला वेळेचा प्रश्न. सॅकेड तर केव्हाही होतात, मग डाग २०० ते ३०० मध्येच का? याचं उत्तरही डोळ्यांच्या शास्त्रात आधीपासून तयार होतं. नवं काही समोर आलं, की सूक्ष्म सॅकेड क्षणभर थबकतात. साधारण १०० मिलिसेकंदांनंतर त्यांचं प्रमाण खाली जातं, आणि मग थोपवलेलं पाणी सुटावं तसं २००च्या पुढे ते नेहमीच्या पातळीहून वर उसळतं. या उसळीचा आलेख आणि गॅमाचा आलेख एकमेकांवर ठेवले की बसतात.

समजा, शंभर फेऱ्या आहेत आणि सॅकेडचं नेहमीचं प्रमाण सेकंदाला दीड. तर कुठल्याही १०० मिलिसेकंदांच्या खिडकीत पंधरा फेऱ्यांमध्ये खुंटी सापडेल. उसळीच्या वेळी प्रमाण दुप्पट झालं तर तीस फेऱ्यांमध्ये. सरासरी ताकद चित्रापूर्वीच्या पातळीशी ताडून दाखवतात. पंधराच्या तीस झाल्या की चौकोन लाल. सत्तर फेऱ्यांमध्ये काहीही घडलेलं नसताना!

आणि नाक. ईईजीत व्होल्टेज नेहमी कशाच्या तरी तुलनेत मोजतात, आणि त्या जेरुसलेमच्या नोंदीत तुलनेचा इलेक्ट्रोड नाकावर होता, डोळ्यांच्या अगदी शेजारी. खुंटी नाकावर मोठी. ती सगळ्या टोपीतून वजा होते, म्हणजे उलट चिन्हाने सगळीकडे पसरते, आणि डोळ्यांपासून सर्वांत लांब असलेल्या डोक्याच्या मागच्या भागात ठळक दिसते. मागचा भाग म्हणजे दृष्टीचं क्षेत्र! गॅमा जिथे असायला हवा असं सिद्धांत सांगत होता, नेमकं तिथेच नाकाने तो नेऊन ठेवला. तुलनेचा इलेक्ट्रोड बदलला की डागाची जागाही बदलते. चोर आपल्या पावलांचे ठसे दुसऱ्याच्या अंगणात उमटवून गेला होता.

लय जुळण्याच्या मोजमापालाही हीच बाधा होऊ शकते. एकाच उगमाची खुंटी वीस इलेक्ट्रोडवर एकाच क्षणी पोचली, तर त्या वीस जागा एका तालात वाजतात असंच गणित सांगणार. दिंडीत टाळ एकाचाच असतो आणि आपण प्रतिध्वनी मोजून वारकरी वीस आहेत म्हणतो.

मग अर्थाप्रमाणे डाग का बदलत होता?

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग हा. कोणी म्हणेल, डोळ्याचा दोष असता तर तो अर्थपूर्ण आणि निरर्थक चित्रांना सारखाच आला असता. फरक आला म्हणजे काहीतरी मानसिक आहेच. हा युक्तिवाद वर्षानुवर्षं ढाल म्हणून वापरला गेला. निबंध तपासणारे 'स्नायूंचा दोष नसेल कशावरून' असं विचारत, आणि उत्तर येई, 'दोष असता तर दोन्ही परिस्थितींत असता.'

पण डोळे मनाचं ऐकतात. किती लक्ष आहे, समोरचं चित्र ओळखीचं आहे का, काम अवघड आहे का, पुढे काय येणार याची वाट बघणं चालू आहे का, या सगळ्यांवर सूक्ष्म सॅकेडचं थबकणं आणि उसळणं बदलतं. म्हणजे डाग खरोखरच आकलनाशी बांधलेला होता. तालों-बोद्रींचे आकडे खरे, पुढच्यांचेही खरे. चूक होती ती वाटेबद्दलच्या समजुतीत. चित्रापासून डागापर्यंतची वाट दृष्टिबाह्यकातल्या समूहगानातून जाते असं मानलं होतं. ती डोळ्यांच्या खोबणीतून जात होती.

प्रयोगशास्त्राच्या वर्गात गोंगाट म्हणजे यदृच्छ, आणि सरासरी हे त्यावरचं औषध, असं शिकवतात. प्रयोगाच्या तालावर नाचणाऱ्या गोंगाटावर सरासरीचा काही उपाय चालत नाही. उलट फेऱ्या वाढवाल तेवढा तो ठसठशीत होतो. शंभरऐवजी हजार फेऱ्या घेतल्या असत्या, तर लाल डाग आणखीच सुबक दिसला असता आणि सांख्यिकीची कसोटी आणखी दिमाखात पार पडली असती.

गडबड आणि सारवासारव

निबंध आल्यावर खळबळ उडाली, आणि ती साहजिक होती. बारा वर्षांचं काम पणाला लागलं होतं. काहींनी उत्साहाच्या भरात 'गॅमा संपला' म्हणून टाकलं, जे मूळ निबंधात कुठेही नव्हतं. मांजर-माकडांच्या मेंदूत थेट नोंदलेल्या लहरींबद्दल शंका नाही असं लेखकांनीच स्पष्ट केलं होतं. त्यांचा आक्षेप टाळूवरून दिसणाऱ्या, पसरट आणि क्षणिक प्रेरित प्रतिसादापुरता होता. दुसऱ्या बाजूने सिंगर यांच्या गटातल्या लुसिया मेलोनी आणि सहकाऱ्यांनी त्याच नियतकालिकात उत्तर दिलं: एका पद्धतीने, एका तुलनेच्या इलेक्ट्रोडने घेतलेल्या नोंदींवरून टाळूवरच्या सगळ्याच गॅमावर फुली मारू नका. मला वाटतं, दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. पण पुराव्याचा भार त्या दिवसापासून एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेला, हे मान्य करायला काहींना वेळ लागला.

त्याच सुमाराला दुसरीकडूनही ठोका बसला होता. ऑस्ट्रेलियात अॅडलेडच्या फ्लिंडर्स विद्यापीठातल्या गटाने २००७ मध्ये जागे स्वयंसेवक औषधाने पूर्ण लुळे करून, म्हणजे श्वासही यंत्राने चालवून, त्यांचा ईईजी घेतला. असल्या प्रयोगाला तयार होणाऱ्यांना नमस्कारच करायला हवा. स्नायू थांबले तसा टाळूवरचा २० हर्ट्झच्या वरचा बराचसा 'मेंदू' गायब झाला. कपाळ, कानशिलं आणि मान इथले स्नायू आपण समजतो त्याहून जास्त बोलतात. ही माहिती मनात ठेवून २००४ मधला तिबेटी बौद्ध साधकांच्या ध्यानातल्या गॅमाचा गाजलेला निबंध वाचावा. तो खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण यूट्यूबवर चाळीस हर्ट्झची 'गॅमा ध्यान' फीत लावून बसणाऱ्याला त्या आकड्यामागची ही भांडणं कोणी सांगत नाही.

दुरुस्तीची कामं पुढे रीतसर झाली. डोळ्यांभोवतीच्या इलेक्ट्रोडची सरासरी डोक्यामागच्या इलेक्ट्रोडशी ताडून खुंट्या हेरायची पद्धत केरेन, युवाल-ग्रीनबर्ग आणि डेउएल यांनी २०१० मध्ये दिली. ती वापरायला वेगळं नेत्रयंत्र लागत नाही, म्हणजे जुन्या नोंदीही तपासता येतात. खुंट्या गणिताने वेगळ्या काढल्या तरी खाली काही गॅमा शिल्लक राहतो, असं २०११ मध्ये जर्मनीतल्या एका गटाने दाखवलं. चुंबकीय नोंदींमध्ये, म्हणजे एमईजीत, हा दोष नसेल अशी आशा होती. तिथेही खुंटी सापडली. आणि अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूत उपचारासाठी घातलेल्या इलेक्ट्रोडमध्येसुद्धा, कानशिलाच्या पुढच्या टोकाला, डोळ्याच्या स्नायूंचा आवाज पोचतो असं लियाँहूनच २००९ मध्ये दाखवलं गेलं. ज्या शहरात डागाचा जन्म झाला तिथलेच लोक त्याच्या सावल्या शोधत होते, हे मला फार आवडतं.

शिल्लक काय राहिलं

टाळूवरून खरा गॅमा दिसतो. फक्त तो मिळवायला चेहरे आणि भासमान त्रिकोण सोडून, मोठ्या, ठळक, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची जाळी दाखवावी लागते. २००६ मध्ये नेदरलँड्समधल्या नायमेखेनच्या एमईजी प्रयोगांत असा गॅमा स्पष्ट दिसला होता. तो लाल डागासारखा उमटून विझत नाही. अरुंद पट्ट्यात राहतो आणि जाळी पडद्यावर आहे तोवर टिकतो. रंगीत चौकोनात तो डाग नसून आडवी पट्टी असते.

भारतात हे काम बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सुप्रतिम रे यांच्या प्रयोगशाळेत चालतं. २०१८ मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की जाळी पुरेशी मोठी असेल, तर माकडात आणि माणसात एक सोडून दोन गॅमा दिसतात: एक संथ, साधारण २० ते ३५ हर्ट्झचा, आणि एक जलद, ३५ ते ६५च्या घरातला. जाळी लहान केली तर संथ गॅमा मावळतो. पुढे त्यांनी पन्नाशी ओलांडलेल्या बंगळुरूकरांच्या नोंदी घेतल्या. वयाबरोबर दोन्ही गॅमा मंदावतात, आणि सौम्य स्मृतिदोष किंवा सुरुवातीचा अल्झायमर असलेल्यांमध्ये तो त्याच वयाच्या निरोगी माणसांपेक्षा दुबळा असतो, असं २०२०-२१ मध्ये त्यांनी छापलं. या निबंधांत सूक्ष्म सॅकेडची तपासणी पद्धतीचा भाग म्हणूनच येते. वयाने नजरेचे झटकेही बदलू शकतात, तेव्हा फरक मेंदूचा की डोळ्याचा, हे आधी निस्तरावं लागतं.

वस्तू जोडण्याच्या मूळ कल्पनेवर मात्र याच रे यांनी, जॉन मॉन्सेल यांच्याबरोबर अमेरिकेत असताना, वेगळ्याच बाजूने बोट ठेवलं होतं. २०१०च्या त्यांच्या माकडांवरच्या कामात असं दिसलं, की चित्रातला काळा-पांढरा भेद कमीजास्त झाला की गॅमाचा वेगच बदलतो. एकाच वस्तूचा उजेडातला भाग वेगळ्या गतीने वाजणार आणि सावलीतला वेगळ्या, तर दोघे ताल कसा धरणार? दिंडीत निम्मे टाळकरी द्रुत लयीत आणि निम्मे विलंबित! फ्रँकफर्टची पट्टी सगळीकडे सारखीच उजळ होती. खऱ्या जगातल्या गाईच्या अंगावर ऊनसावली पडलेली असते.

हल्ली गॅमाचा नवा निबंध हातात आला, की मी आधी रंगीत चौकोन बघतो: डाग आहे की पट्टी, आणि पट्टी असेल तर चित्र पडद्यावरून गेल्यावर ती थांबते का. मग पद्धतीच्या भागात तुलनेचा इलेक्ट्रोड कुठे होता ते शोधतो, नंतर नेत्रयंत्राचा उल्लेख. प्रयोग आवाजांचा असला तरी. कारण २०११ मध्ये युवाल-ग्रीनबर्ग आणि डेउएल यांनी नुसते ध्वनी ऐकवूनही टाळूवरचा प्रेरित गॅमा सॅकेडशी ताडून बघितला होता, आणि तिथेही दोघांचा संबंध निघाला होता.